मागून मारलेली हाक

भूत, नजर, शकुन-अपशकुन यातलं मी कधीच काही मानलं नाही. कॉलेजात इंग्रजी शिकले, पुढे दादरच्या शाळेत तेच शिकवलं, आणि मुलींना एकच सांगत आले... 'मला वाटलं' हे उत्तर नाही, 'का वाटलं' ते लिहा. आज मला स्वतःलाच 'का' लिहिता येत नाहीये. तरी लिहितेय, कारण माझ्या नातवाने विचारलंय.

सई, निहार - हे तुमच्यासाठी आहे. पण या सदराचे इतर वाचकही वाचणार, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा सांगणार आहे. तेवढं सोसा.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, आम्ही परत कॅनडाला यायला निघतो तेव्हा टॅक्सी सुरू झाली की तू नेहमी मागून हाक का मारतेस? आणि बाबा दर वेळी टॅक्सी थांबवून वर का येतात?"

सई म्हणाली, "अरे, ते त्यांचं काहीतरी आहे."

आहे खरं काहीतरी.

आधी तुमच्या बाबांच्या कामाबद्दल. तेव्हा तुम्ही दोघं फार लहान होतात. नंदू - म्हणजे तुमचे बाबा, माझा नंदन - लष्करी विमानावर होता. हे लढणारं विमान नव्हे. लढणाऱ्या विमानांना आकाशातच इंधन पाजणारं, टँकर विमान. पुढे दोन वैमानिक, त्यांच्यामागे वाट दाखवणारा, इंजिनं बघणारा, रेडिओवाला... आणि सगळ्यात शेवटी, अगदी शेपटात, एका लहानशा बंद केबिनमध्ये एकटा माणूस. त्याची खुर्ची उलटी. विमान पुढे जातंय आणि हा मागे बघत बसलाय. तो माणूस म्हणजे नंदू. टँकरमधून लांब नळी मागे सोडलेली असते, तिच्या टोकाला टोपलीसारखं काहीतरी. लढाऊ विमान हळूहळू जवळ येतं, आपली सोंड त्या टोपलीत घालतं, आणि इंधन सुरू होतं. दोन्ही विमानं केवढ्या वेगात असतात त्याची कल्पना करा. शेपटातल्या माणसाला काही वेडंवाकडं दिसलं तर तो लाल दिवा लावतो आणि 'ब्रेकअवे' म्हणतो. मग काही न विचारता त्या वैमानिकाने सुटून मागे आणि खाली जायचं.

मी एकदा विचारलं होतं, "तू तिथे नक्की करतोस काय?"

"वाढपी आहे मी, आई. पंगत मागे बसते, एवढाच फरक."

आता मी राहते त्या जागेबद्दल. गिरगावात फणसवाडीतली आमची इमारत अठराशे नव्वदच्या दशकातली. चौकात फरशीखाली तेव्हाचीच दगडी पाण्याची टाकी आहे. उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही, मग बाहेरून पाण्याचा टँकर मागवावा लागतो. तो बघायचं काम सोसायटीने माझ्याकडे दिलं होतं. कारण मी असले की नळी टाकीच्या तोंडात नीट बसवली जाते आणि चौकात तळं होत नाही. टँकरवाला यादव जौनपूरकडचा. मी त्याच्याशी माझ्या शाळकरी हिंदीत बोलायची आणि तो मला 'टीचरजी' म्हणायचा.

समोरच्या बिऱ्हाडात पाटकर वहिनी. आमची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं. घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, काम फिसकटतं, असं ती मानायची. मी मुद्दाम मारायची. नंदू सुट्टी संपवून निघाला की जिना उतरून तो चौकात पोचेपर्यंत थांबायची आणि गॅलरीतून ओरडायची, "नंदू, रुमाल घेतलास का?" तो वर बघून हसायचा.

"विमानावरच्या पोराला मागून हाक मारतेस, सुमन," वहिनी म्हणायची. "तुझं इंग्रजी तुझ्यापाशी. त्या पोराचा तरी विचार कर."

"पोरगं तिथे उलटंच बसतं," मी म्हणायची. "त्याला मागून मारलेली हाक पुढूनच लागणार."

आता त्या दिवसाकडे येते.

त्या दिवशी पाटकर वहिनीच्या मुलीचा साखरपुडा होता, आमच्याच चौकात. मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, आणि टाकीत पाणी नाही. टँकर उशिरा आला. पाहुणे यायला लागले होते, आचारी माझ्याकडे रागाने बघत होता. यादवने नळी आणली, मी उभी राहून ती टाकीत बसवून घेतली आणि त्याने व्हॉल्व्ह उघडला. पाणी नीट जात होतं, एक थेंब बाहेर नव्हता. हे मी ठासून सांगते, कारण पुढे मी स्वतःला हेच शंभरदा विचारलंय... काही बिघडलं होतं का? नव्हतं.

आणि मी ओरडले.

का ते माहीत नाही. आवाज आपोआप बाहेर पडला. वर्गातसुद्धा मी कधी इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. मला वाटलं, मी 'बंद करो' म्हणाले. यादवने दचकून व्हॉल्व्ह बंद केला आणि नळी उपसून बाजूला धरली. मांडवातली माणसं वळून बघायला लागली.

यादव म्हणाला, "टीचरजी, क्या हुआ? पानी तो बराबर जा रहा था."

"कुछ नहीं," मी म्हटलं.

"और ये नंदू कौन है?"

"नंदू? मेरा लडका. क्यों?"

"आपने हमको नंदू बोला."

वरून गॅलरीतून वहिनी म्हणाली, "टँकरवाला दिसला की हिला मुलगाच दिसतो. यादव, आता तू पण गॅलरीखालून जाताना रुमाल घेत जा."

सगळे हसले, मीही हसले. यादवने पुन्हा पाणी सुरू केलं. साखरपुडा छान झाला.

संध्याकाळी नंदूचा फोन आला. मला वाटलं, पाटकरांच्या मुलीला शुभेच्छा द्यायला असेल. पण आवाज वेगळा होता.

"आई, आज दुपारी तू कुणावर ओरडलीस का?"

मी खुर्चीवर बसले. "का रे?"

"आधी सांग."

"टँकरवाल्यावर ओरडले. तुला कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "मी आज दुपारी हवेत होतो. मागे एक विमान जोडलेलं होतं. सगळं व्यवस्थित होतं. आणि मला तुझा आवाज आला, आई. हेडफोनमध्ये नाही, पाठीमागून. माझ्या पाठीमागे फक्त बंद दार असतं. तू म्हणालीस -"

"थांब," मी म्हटलं. "शब्द सांगू नकोस."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. त्याने शब्द सांगितले असते तर मला तेच आठवले असते, आणि मग त्या आठवणीला काही किंमत राहिली नसती. फोन तसाच चालू ठेवून मी समोर गेले. वहिनी उरलेले पेढे डब्यात भरत होती.

"दुपारी मी यादवला काय म्हणाले?"

"आता ते कशाला?"

"सांग ना गं. जसंच्या तसं."

तिने मान वर केली. माझा चेहरा बघून थट्टा करायची थांबली. "म्हणालीस, 'नंदू, सोड त्याला. मागे जाऊ दे.' मी म्हटलं, ही कुणाला सोडायला सांगतेय? नळीला?"

मी परत येऊन फोन कानाला लावला. "आता सांग."

"'नंदू, सोड त्याला. मागे जाऊ दे.'"

पुढचं तोच बोलत राहिला. त्याने लाल दिवा लावला होता आणि ब्रेकअवे म्हटलं होतं, काहीही दिसलं नसताना. पुढच्या केबिनमधून विचारणा झाली, काय दिसलं? मागच्या विमानातला तरुण वैमानिक शिकवल्याप्रमाणे सुटून मागे, खाली गेला. आणि तो बाजूला होतोय तोच नळी ओढून धरणारं यंत्र बिघडलं. नळी चाबकासारखी उसळली आणि तिच्या टोकाची टोपली जिथे आपटली, तिथे क्षणापूर्वी त्या मुलाच्या डोक्यावरची काच होती.

"उतरल्यावर साहेबांनी विचारलं, तुला आधी कसं कळलं? मी काय सांगू? आईने हाक मारली?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला बरोबर वाटलं नाही. ते म्हणाले, एवढं पुरे आहे."

त्यानंतर काही महिन्यांनी तो वैमानिक आपल्या बायकोला घेऊन फणसवाडीत आला. मलयाळी मुलगा, पंचविशीचा. नंदूने त्याला किती सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. मी पुरी-भाजी केली होती. तो पोटभर जेवला आणि म्हणाला, "मॅम, सरांनी ब्रेकअवे म्हटलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता. इतका छान जोडला गेलो होतो." त्याच्या बायकोला दिवस गेले होते. निघताना तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

खुलासे मी शोधले नाहीत असं समजू नका. आई मुलाची काळजी करते आणि मुलाच्या कानात आईचा आवाज कायमचा बसलेला असतो, इथपर्यंत ठीक आहे. पण शब्द? आणि ती दुपार? मी नंदूला विचारलं, याआधी असा आवाज कधी आला होता? कधीच नाही. नंतर? तेही नाही. योगायोग म्हणून सोडून द्यावं, तर योगायोग हेही 'का'चं उत्तर नव्हे, हे मीच मुलींना शिकवलेलं. मी कुणाची पूजा बांधली नाही, नवस फेडला नाही. पण तेव्हापासून मनात जे भरून राहिलंय ते आभारच आहेत, आणि ते कुणाचे मानायचे हे कळत नाही. म्हणून ज्यांनी ऐकलं त्यांचे मानते. वेडी बाई काहीतरी ओरडतेय म्हणून यादवने सोडून दिलं नाही, आधी व्हॉल्व्ह बंद केला. नंदूने कारण मागितलं नाही. त्या मुलाने राग आला तरी ऐकलं. यादव आता गावी असतो. पाडव्याला मी त्याला फोन करते, आणि तो दर वेळी विचारतो, "टीचरजी, हमारा नंदू कैसा है?"

आणि पाटकर वहिनी. तिची मुलगी लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा मी चौकात उभी होते. गाडीचं दार लागलं. वहिनी डोळे पुसत माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "सुमन, तू मार गं तिला एक हाक. मला नाही धीर होत."

मी मारली. मुलीने काच खाली करून मागे बघितलं.

तर निहार, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. मी रुमालाचं विचारते, कधी लाडवांच्या डब्याचं. तुझ्या बाबांना माहीत असतं की रुमाल खिशात आहे आणि डबा बॅगेत. तरी ते टॅक्सी थांबवतात, दोन जिने चढून वर येतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "बोल." मला बोलायचं काही नसतं.

डिसेंबरात तुम्ही याल आणि परत जाल. टॅक्सी सुरू झाली की मी गॅलरीतून हाक मारीन. तुमचं काही विसरलेलं नसेल.

तरी थांबा.