डिप्परनानांची खुर्ची

नानांशी बोलायला गेलं की ते तुमच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, तुमच्या गाडीच्या तोंडाकडे बघायचे. "डावा डोळा खाली बघतोय तुझा," असं ते म्हणाले की नवखा माणूस गोंधळून स्वतःचा डोळा चोळायचा आणि जुना माणूस मुकाट्याने पुढची जाळी उघडून द्यायचा. माझ्या गाडीला ते नावानिशी नाही तरी चेहऱ्यानिशी ओळखायचे. मला मात्र पहिली दोन-तीन वर्षं "ते अंबडवाले" एवढ्यावरच ठेवलं होतं, कारण अंबडच्या कारखान्यांचा माल मी मुंबईला न्यायचो.

आडगाव नाक्याच्या पुढे ट्रकची कामं करणाऱ्या दुकानांची जी रांग आहे, तिथे त्यांचं शटर होतं. बाहेरच्या पाटीवर वायरिंगची सगळी कामं लिहिलेली होती, पण नानांचा जीव फक्त दिव्यांत. कुणी हॉर्न घेऊन आला की ते कपाळाला आठी घालून त्याला शेजारच्या दुकानात धाडायचे. बॅटरीचं काम करायचे, पण एखाद्या नकोशा पाहुण्याला पाणी द्यावं तसं. दिवा म्हटलं की उठून उभे राहायचे, आणि दिवेलागणीशिवाय दिव्याला हात लावायचे नाहीत. दुपारी आलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत बसवून घ्यायचे आणि तेवढ्या वेळात त्याला सायखेड्याच्या वांग्यांची थोरवी ऐकवायचे. ते स्वतः सायखेड्याचे. रोज स्कूटरवर येऊन-जाऊन करायचे.

डिप्परनाना हे नाव त्यांना ड्रायव्हर लोकांनी दिलं. लांब फेकणारा उजेड तो अप्पर, आणि समोरून कुणी आलं की खाली उतरवायचा तो डिप्पर, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. नानांनी हा नियम गाडीपुरता ठेवला नव्हता. दुकानात कुणी आवाज चढवला की ते पक्कड खाली ठेवून शांतपणे म्हणायचे, "डिप्पर मार." लग्नातल्या डीजेवाल्याला ते हे म्हणाले होते, निवडणुकीत भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षाला रस्त्यात आडवे होऊन म्हणाले होते. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आयुष्यात एकदाच म्हणाले. त्या दिवशी ताट स्वतः वाढून घ्यावं लागलं, हे त्यांनीच मला सांगितलं.

त्यांच्या तोंडात शिवी मात्र नव्हती. ट्रकवाल्यांच्या रांगेत आयुष्य काढून हे जमवणं सोपं नाही. फार चिडले तर "गाढवा" म्हणायचे, आणि मग त्याचं इतकं वाईट वाटायचं की त्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. काही इरसाल ड्रायव्हर नुसत्या चहासाठी त्यांना चिडवायचे.

आता त्या खुर्चीविषयी. कसाऱ्याच्या घाटात धुकं उतरलं की ट्रकवाल्याला बंपरखालच्या पिवळ्या फॉग दिव्यांचा मोठा आधार असतो, कारण ते रस्त्याची जवळची कड दाखवतात. पण आमच्या गाड्यांत ते डिप्परच्या वायरीवर चालायचे. धुकं विरलं म्हणून अप्पर लावला की फॉग आपोआप विझायचे. ड्रायव्हर लोकांना हे अजिबात पटायचं नाही. लांबचंही दिसावं, जवळचंही दिसावं, चारही दिवे एकदम पेटावेत, अशी सगळ्यांची मागणी. काम तसं एका वायरीचं. फॉगची जी वायर डिप्परला जोडलेली असते ती सोडवून पार्किंगच्या, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या बारक्या दिव्यांच्या, वायरीला जोडली की झालं. ती वायर हलवायला नानांना डोळे मिटूनही जमलं असतं, पण ते आधी एक निळी प्लास्टिकची खुर्ची उचलायचे, रस्त्याच्या पलीकडे गाडीच्या बरोबर समोर नेऊन ठेवायचे आणि मालकाला तिच्यात बसवायचे. मग तात्पुरती तार लावून चारही दिवे पेटवायचे.

"आपला उजेड आपल्या डोळ्यावर कधी येत नाय," ते म्हणायचे. "म्हणून समोर बसायचं. तोंडात शिवी येईस्तोवर बसायचं. नाय आली, तर वायर जोडून देतो."

बहुतेकांना लगेच यायची. काही हट्टी लोक डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत बसून राहायचे आणि उठल्यावर त्यांना आपली गाडी कुठे आहे हे चाचपत शोधावं लागायचं. तेही मग वायरीचा नाद सोडायचे. मी स्वतः बसलो तेव्हा जेमतेम टेकलो होतो. नानांनी विचारलं, आली का, मी म्हटलं, आली, आणि कोणती ते त्यांनी विचारलं नाही.

पुढे पुढे नाना बदलले. म्हणजे आधी त्यांच्या मते नाशिक बदललं. महापालिकेने रस्त्यावरचे दिवे मिणमिणते लावलेत असं ते म्हणू लागले, आणि त्याच दमात समोरून येणारी झाडून सगळी वाहनं अप्परवर असतात असंही म्हणू लागले. रस्ता अंधारात आणि समोरचा उजेडात, म्हणजे दोष एक तर महापालिकेचा नाही तर लोकांचा. आम्ही माना डोलवायचो. दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्याच असल्यामुळे कुणाला शंका आली नाही. हळूहळू त्यांनी खुर्ची आत ठेवून दिली आणि मागेल त्याला चारही दिवे एकदम जोडून देऊ लागले. मी विचारलं तर म्हणाले, साधा डिप्परसुद्धा हल्ली तसाच डोळ्यावर येतो, मग अप्परच्या जोडीला दोन पिवळे आल्याने काय बिघडतं? माझ्याही गाडीला त्यांनी आपण होऊन ती वायर हलवून दिली. नाक्यावरची निम्मीअधिक वाहनं त्या दिवसांत त्यांच्या हातून गेली असतील.

मग एका संध्याकाळी माझ्या गाडीचा एक बल्ब बदलायचा होता. बल्ब बसवून नाना फोकस बघायला खुर्ची घेऊन पलीकडे बसले आणि मी केबिनमध्ये. त्यांनी सांगितलं, डिप्पर मार. मी डिप्परवरच होतो. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मी बटण खालीवर करून पुन्हा डिप्परवर आणलं. "अरे डिप्पर मार म्हणतो ना," ते डोळ्यांवर हात धरून म्हणाले. मला काय सुचलं कोण जाणे, मी मोठे दिवे पूर्ण बंद केले. नुसते पार्किंगचे बारके दिवे आणि त्यांच्याच वायरीवरचे खालचे दोन पिवळे राहिले.

"हां, आता बरंय," नाना म्हणाले. "हाच डिप्पर. असाच ठेव."

ज्या माणसाने अख्ख्या नाक्याला उजेड कसा असावा ते शिकवलं, त्याला अप्पर, डिप्पर आणि पार्किंग यांतला फरक दिसत नव्हता. आणि आता तो स्कूटरला किक मारून, समोरच्या सगळ्या दिव्यांच्या तोंडावर, सायखेड्याला जाणार होता. मला भीती वाटली. अशी भीती मला घाटातही कधी वाटली नव्हती.

सायखेड्याला माल भरायचा आहे अशी थाप मारून मी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि स्कूटर मागे चढवली. वाटेत ते प्रत्येक येणाऱ्या गाडीला डिप्पर मारायला सांगत होते. घरी ते हातपाय धुवायला गेल्यावर मी काकूंना हळूच सांगितलं. काकूंना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "देवापुढची समईसुद्धा यांना अप्परवर दिसतीया. मोतीबिंदू हाय म्हणलं, तर म्हणत्यात वातीत दोष हाय."

नाना टॉवेल घेऊन बाहेर आले आणि आमचे चेहरे बघून त्यांना काय ते कळलं. ऑपरेशनच्या नावाने त्यांनी आवाज चढवला. डोळ्याला सुरी लावून घेणार नाही, चुकून डोळा गेला तर दिव्याचं काम मी कानाने करू का, असं बरंच बोलले. राग कमी आणि धास्ती जास्त होती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्कूटरची चावी उचलून कमरेला खोचली.

"डिप्पर मारा आता," त्या म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत त्यांचं त्यांनाच कुणी हे ऐकवलं नसावं. नानांचा आवाज उतरला आणि पुढच्याच आठवड्यात ते दवाखान्यात गेले.

काळा चष्मा लावून ते दुकानात परतले तेव्हा सगळी रांग बघायला जमली. नाना सगळ्यांच्या गाड्यांवरून नजर फिरवत होते आणि कुणाचं पत्र्याचं काम किती भिकार झालंय ते सांगत होते. महापालिकेचे दिवे चांगले आहेत, हेही त्यांनी जरा नाराजीनेच मान्य केलं. दिवेलागणीला डॉक्टरांची परवानगी मिरवत त्यांनी चष्मा काढला, खुर्ची मागवली आणि माझ्या गाडीसमोर बसून मला सगळे दिवे लावायला सांगितले. मी अप्पर लावला. खाली दोन्ही फॉग पेटले.

नाना बसल्या जागेवरून उडालेच. "कोण्या गाढवानं केलंय हे काम?"

मी खाली उतरलो, पुढची जाळी उघडली आणि जोड दाखवला. नाना जोडाला पिवळी टेप लावायचे आणि टेपचं टोक दुमडून ठेवायचे, म्हणजे पुढच्या कारागिराला नखाने सहज सोडवता यावं. असं दुमडलेलं टोक आमच्या नाक्यावर दुसरं कुणी ठेवत नाही. नानांनी ते बोटाने चाचपलं. मग ते तिथेच पायरीवर बसले. त्यांनी चहा मागवला, फक्त स्वतःसाठी. कुणीतरी हसलं, नानाही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. ऑपरेशनचं पाणी आहे, असं ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी नवीन काम घेणं जवळजवळ बंद केलं. संध्याकाळी नाक्यावर उभे राहायचे, येणाऱ्या गाड्यांचे डोळे बघायचे आणि आपली वायरिंग दिसली की हात करून गाडी बाजूला घ्यायचे. ट्रक अडवणारा माणूस म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला काय काय ऐकावं लागलं असतं. पण नानांसाठी लोक थांबायचे, मग चार दिवे सोडायला नाखुशी दाखवायचे, मग खुर्चीत बसायचे, मग वायर परत जागेवर जायची. एक एक करत सगळ्या गाड्या झाल्या. राहिली एक. सुरगाण्याकडच्या एका माणसाची निळी गाडी. तिने मालक बदलला आणि फोन लागेनासा झाला.

ती निळी गाडी नानांच्या मनातून जाईना. मी कुठूनही फेरी करून आलो की पाणी पिण्याआधी विचारायचे, निळी दिसली का? मी त्यांना समजवायचो की एका गाडीचं काय एवढं. ते म्हणायचे, "तिच्या समोरून रोज कोण कोण जात असंल, तुला काय ठाऊक?" नंतर त्यांना हृदयाचं दुखणं लागलं आणि दुकान बंद झालं. शेवटच्या भेटीत त्यांना बोलायलाही धाप लागत होती, तरी भुवया उंचावून त्यांनी तेच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. खोटं सांगता आलं असतं, पण नानांना दिव्याच्या बाबतीत फसवायला माझी जीभ रेटली नाही.

ते गेल्यावर काकूंनी मला बोलावून ती खुर्ची दिली. तिचा एक पाय जरा लुळा आहे. आता माझ्याकडे तीन ड्रायव्हर आहेत, त्या तिघांनाही मी चावी देण्याआधी तिच्यात बसवलंय.

यंदा द्राक्षाच्या हंगामात, दिवे लागायच्या सुमारास नाक्यावर एक भगव्या रंगाचा ट्रक येऊन थांबला. माझा हात आपोआप डोळ्यांवर गेला आणि तोंडात शिवी आली. वर दोन पांढरे, खाली दोन पिवळे, चारही पेटलेले. दाराजवळ रंग उडाला होता, त्याच्याखाली निळा दिसत होता. मी ड्रायव्हरला विनंती करून पुढची जाळी उघडायला लावली. पिवळी टेप धुळीने काळी पडली होती. टोक दुमडलेलं होतं.

ड्रायव्हर वयस्कर होता, भला होता. लय भारी उजेड पडतो, गाडी घेतल्यापासून असाच आहे, हात लावू नका, म्हणाला. मी माझ्या गाडीतून खुर्ची आणली, पलीकडे नेऊन ठेवली आणि त्याला बसायची विनंती केली. मग त्याच्या केबिनमध्ये चढून दिवे लावले. तो हट्टी निघाला, बराच वेळ बसला. उठला तेव्हा डोळे पुसत होता. त्याने जाळीकडे हात केला.

मी नखाने टेपचं टोक धरलं. जोड लगेच सुटला.

"पण एवढं नीटनेटकं काम कोणी केलं होतं?" त्याने विचारलं.

"आमच्या नानांनी," मी म्हणालो. "काढायलाही त्यांनीच सांगितलंय."