आमच्या लॅबमधली काळी पट्टी

घाबरल्याचे किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमच्या कॉम्प्युटर क्लबचा तर दर शनिवारी एखादा तरी वाढतोच. क्लबात आम्ही तिघं: संकेत, अमृता आणि मी. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात हिंडणाऱ्या एका मुलीच्या भुताचा गेम आम्ही बनवतोय. माझ्या घरी कॉम्प्युटर नाही. लॅब गेली की माझा गेमही गेला.

गेम ज्यात बनवतो त्या इंजिनात कन्सोल नावाची एक काळी पट्टी असते. बटण दाबलं की उघडते. तिच्यात व्हेरिएबलचं नाव आणि पुढं आकडा टाकला की चालू गेममध्येच ती गोष्ट बदलते. उजेड, वेग, वजन, काहीही! ऐकायला सोपं वाटतं.

*

संकेतनं एकदा गुरुत्वाकर्षणाचा आकडा उणे केला. बाकं, टेबल, डस्टर, सगळं छताला! आम्ही हसत सुटलो. मग लक्षात आलं, भूत कुठं दिसत नाहीये. मी माउसनं हळूच वर पाहिलं. ती छताला पाठ टेकून सरळ आमच्याकडंच बघत होती.

अमृता टेबलाखाली गेली. तिथनंच ओरडली, "हे असंच ऱ्हाऊ दे! लई बेक्कार दिसतंय!"

"आधी बाहीर ये की!" संकेत म्हणाला.

"मी न्हाय येत. मी हितंच बसतो."

*

उजेडाचं व्हेरिएबल शून्य केलं त्या दिवशी स्क्रीन काळीकुट्ट झाली. भूत कुठं आहे ते शोधायला आम्ही तिघं स्क्रीनला नाक लावून बसलो. आणि त्या काळ्या काचेत एक पिवळा चेहरा उगवला!

अमृताची किंकाळी मैदानापर्यंत गेली. मागं आमचे शिपाईमामा टॉर्च घेऊन उभे होते.

"कुलूप लावाय आलतो," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "कोण मेलं काय रं?"

किंकाळी मोठ्या बाईंनीही ऐकली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या व्हरांड्यातून निघाल्या की दोन्ही बाजूंचे वर्ग गप्प होतात. त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मी स्वतः बघणार. फालतूपणा दिसला तर लॅब बंद."

*

मग आम्ही भूत मवाळ करायला घेतलं. सेटिंगमध्ये तिचा वेग शून्यावर नेला. ती तरीही धावत आली!

"सर, शून्य हाय की हो!" संकेत रडकुंडीला आला.

कॉम्प्युटरच्या सरांनी विचारलं, "आधी कन्सोलमध्ये हातानं वेग टाकला होतास का?"

"व्हय."

"मग सेटिंगचं कोण ऐकतंय! कन्सोलमध्ये टाकलेला आकडा वरचढ असतो. तिला थांबवायचं तर तिथूनच."

*

शनिवारी बाई आल्या. कीबोर्डवर मी बसले होते. आधीपासून शून्य ठेवला तर भूत जागचं हलणारच नव्हतं, म्हणून ते जवळ आलं की मी पटकन कन्सोल उघडून वेग शून्य करायचा, असं ठरलं होतं. त्यात बाईंशी बोलायचं काही नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं होतं.

"सरक गं," बाई म्हणाल्या, आणि माझ्या खुर्चीत स्वतः बसल्या.

संकेत मागून खुणावत होता, "सांग की!" मी बाईंच्या खुर्चीमागं सरकले. अमृतानं आधीच डोळे मिटले होते.

गेममध्ये बाई एकेक वर्ग तपासत निघाल्या, रोजच्यासारख्या. शेवटच्या वळणावर ती उभी होती. बाईंना बघताच ती धावली. केस तोंडावर, हात पुढं. गेली लॅब, मला वाटलं.

बाईंनी चष्मा वर सरकवला.

"ए! व्हरांड्यात पळायचं नाही, किती वेळा सांगायचं? कुठल्या वर्गातली तू?"

ती थांबली. तिनं मान खाली घातली, वळली आणि सातवी ब च्या वर्गात जाऊन बसली.

"छान," बाई उठत म्हणाल्या. "शिस्त आहे. चालू ठेवा."

त्या गेल्यावर संकेतनं कन्सोल उघडून वेग पाहिला. आकडा होता तोच होता.

अमृतानं आता डोळे उघडले.

"आपल्या कॉम्प्युटरला माइक न्हाय की गं," ती म्हणाली.