राईतलं लाकूड

ही गोष्ट नवऱ्याला माहीत नाही, मुलींना नाही, शाळेतल्या कुणालाही नाही. त्यात सांगण्यासारखं आहे तरी काय, असं मी स्वतःलाच बजावत आले. एक कुजकं लाकूड — हातभर लांब, मनगटाएवढं जाड. त्यापायी माणसानं इतकी वर्षं तोंड मिटून बसायचं? पण बसले. आता लिहिते आहे, कारण लोक मला स्पष्टवक्ती म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मी घोडेगावात विज्ञान शिकवायचे. माहेर कळंबचं, सगळा सपाट बागायती मुलूख. डोंगराशी माझा संबंध नव्हता. तो हौसाबाईमुळे आला. तळेघरच्या पलीकडे एका वाडीत, रस्त्याला लागून तिचं घर होतं. पन्नाशीची विधवा, पायानं काटक, जिभेनं त्याहून काटक. वाडीच्या वर राई — देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजू द्यायचं. राईतल्या देवापुढे दिवा लावायचा मान हौसाबाईच्या सासरघराचा, आणि नवऱ्यामागे तो तिच्याकडे होता. तिच्याजवळ तसं दुसरं काही नव्हतंच.

पावसाळ्यात रात्री त्या राईत लाकडं उजळतात. ओल्या लाकडावरच्या बुरशीचा तो उजेड. दोन हजार सालानंतर पुण्याचे लोक असलं काही बघायला यायला लागले होते. मी शनिवार-रविवारी गट आणायचे, हौसाबाई पुढे चालायची. राईत शिरलं की सगळ्यांनी विजेऱ्या बंद करायच्या आणि गप्प उभं राहायचं. डोळे सरावायला पाव तास लागतो. मग पाचोळ्यात काजव्यांच्या अळ्या दिसायला लागतात, सुईच्या टोकाएवढ्या. आणि त्यानंतर लाकडं — हिरवट, फिकी, जुन्या घड्याळाच्या रेडियमच्या काट्यांसारखी.

सगळ्यांनाच ते आवडायचं असं नाही. चिखलातून चढून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, याच्यापेक्षा जास्त उजेड माझ्या घड्याळात आहे."

"मग घड्याळच बघत बसायचं व्हतं की राव घरी!" अंधारातून हौसाबाई म्हणाली. सगळे हसले. मी हसले नाही. ते गृहस्थ परत जाऊन दहा जणांना सांगणार, हे मला दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात दोन गट यायचे होते. शनिवारी आणि रविवारी. दोन्ही निवृत्त मंडळींचे. गुडघे दुखणारे, काठी टेकणारे. हौसाबाईला विचारलं तर म्हणाली, "म्हातारी मान्सं राईत न्हाई चढायची, बाई. त्यास्नी बांधावरचं काजवं दावू. लई व्हतंय तेवढं." मला ते पटलं नाही. फार वैताग आला. मी लोकांना चमकणारं लाकूड कबूल केलं होतं. त्यांना काय सांगणार — अळ्या बघा?

मग काय केलं असेल मी? शुक्रवारी तिला निरोप धाडला की दोन्ही गट रद्द झालेत. शनिवारी दुपारी एकटीच गेले. भातलावणीचे दिवस, वाडीतलं एकूण एक माणूस खाचरात वाकलेलं. मी राईत गेले, वादळात पडलेल्या अंजनाच्या फांदीचा एक तुकडा मोडला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि वाडीच्या अलीकडे, रस्त्याच्या वळणावर करवंदीच्या जाळीत नेऊन ठेवला. कुजकं लाकूडच ते, असं मला वाटत होतं. तिथली लाकडं कुणी उचलत नाही म्हणूनच तिथे ती बुरशी तगली आहे, हे मला कळत नव्हतं का? वर्गात फळ्यावर लिहून शिकवत होते की!

शनिवारी मंडळी खूष झाली. बसमधून उतरून वीस पावलांवर चमत्कार. रविवारी उजेड निम्मा झाला होता, तरी निभावलं. मी मुक्कामाला तळेघरात होते. सोमवारी पहाटे येऊन जाळी बघितली तर लाकूड विझलेलं.

आता इथे येते ती गोष्ट. राई तिथून पंधरा मिनिटांवर होती. तुकडा जागेवर नेऊन ठेवता आला असता, कुणाला पत्ता लागला नसता. पण वाडीवरून एसटी सातला होती, दुसरी थेट दुपारी, आणि शाळेत माझे तास होते. थांब्याच्या वाटेवर हौसाबाईचं घर. मागच्या पडवीत सरपण रचलेलं. मी तो तुकडा त्या सरपणात खुपसला. चार दिवसांत चुलीत जाईल, राख होईल, विषय संपेल. असा हिशोबी विचार केला मी. साडेसहा वाजले होते आणि मी पूर्ण जागी होते.

तो चुलीत गेला नाही. तिच्या धाकट्या दिराला तो आधी दिसला. राईतली पडलेली प्रत्येक फांदी त्या लोकांना माहीत असते, हे मला कुठे ठाऊक होतं?

पुढच्या रविवारी मी गेले तर वाडीतल्या देवळापुढे बैठक बसलेली. मध्ये हौसाबाई.

"हौसे, राईतलं लाकूड तुझ्या सरपणात आलं कसं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मला ठावं न्हाई. म्या न्हाई आनलं." तेवढ्यात तिला मी दिसले. तिचा चेहरा केवढा सुटला! "या बाईंनाच इचारा की. दोन पावसाळं माझ्यासंगं राईत येत्यात. सांगा बाई, म्या कवा काटकी तरी उचलली का?"

साधा प्रश्न होता. नाही, कधीच नाही — एवढं म्हणायचं होतं. ते खरंही होतं, आणि त्यात माझं काही उघडं पडत नव्हतं. आणि मी काय म्हणाले?

"मला काही माहीत नाही. मी त्या आठवड्यात आलेच नव्हते."

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

हौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. नीट, सावकाश पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दिव्याचा मान दिराच्या घरात गेला. तिनं राईच्या शिवेच्या दगडापुढे पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

तिला कळलं होतं. माझी खात्री आहे. मग ती बोलली का नाही? कित्येकदा मला तिचाच राग आला आहे — बोलली असती तर निदान निकाल लागला असता, असं म्हणून. किती निलाजरं आहे हे, मला समजतं.

आणि मी जाणं थांबवलं नाही. आणखी तीन पावसाळे गट नेले. हौसाबाई दगडापर्यंत यायची, तिथे घोंगडी पांघरून बसायची आणि मला आतली वाट सांगायची. "म्होरं डाव्या अंगानं जावा. वढ्यातला दगूड निसटता हाय, मान्सांस्नी जपा." आवाजात काही नसायचं, कडूही नाही. मी लोकांना घेऊन आत जायचे. आम्ही बाहेर येईपर्यंत ती पावसात तिथेच असायची. एकदा एका बाईंनी मला आत विचारलं, "त्या मावशी का नाही येत?" मी म्हटलं, त्यांचे गुडघे दुखतात.

हौसाबाई गेली त्याला बरीच वर्षं झाली. दिवा अजून दिराच्याच घरातून लागतो, आणि वाडीत तिचं नाव निघालं की ते लाकूडही निघतं.

ते लाकूड मी मोडलं. तिच्या सरपणात मी ठेवलं. आणि त्या आठवड्यात मी तिथे आले होते — शनिवारी, रविवारी आणि सोमवारी पहाटे.