कम्फर्टची राहिलेली ओटी

साल २०१९. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी कुमासीत मी जे केलं ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, मंडळातल्या मित्रांना नाही, आणि जिला सांगायचं तिला तर नाहीच. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण बोलायला बसलो की जीभ भलतीकडं वळते — म्हणून लिहितोय.

कुमासी म्हणजे घाना देशातलं बाजाराचं शहर. आमच्या लग्नाचा मोठा वाढदिवस होता, म्हणून संदीपनं, आमच्या मुलानं, लंडनजवळच्या पिनरहून तिकिटं धाडली. छोटीशी सहल. बस, गाईड, विणकरांचं गाव, राजवाडा, बाजार. इथले, मँचेस्टरचे आमचे लोक सुट्टीला स्पेनला जातात, मग आम्ही कुमासीला कशाला? नलूनं, माझ्या बायकोनं, मागून घेतलं म्हणून. तिला कम्फर्टला भेटायचं होतं.

कम्फर्ट कोण ते सांगतो. मँचेस्टरला आल्यावर नलू हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागली, तिथं ही तिच्या जोडीला होती. संदीपच्या वेळी नलूची आई येऊ शकली नाही. मी गिरणीत. कम्फर्ट ड्यूटी संपली की दोन बस बदलून यायची, बाळाला तेल लावायची, नलूचं डोकं धुवून द्यायची. नलू म्हणायची, "इथं माझं माहेर म्हणजे कम्फर्ट." बायकोच्या माहेराला नवऱ्यानं नावं ठेवायची का? मी ठेवत नव्हतो. पण मला ते गोड लागत होतं असंही नाही.

का? — आता खरं बोलायला बसलोय तर बोलतो. नलू लॉन्ड्रीत इंग्लिश शिकली. मी शिकलो नाही. गिरणीत आमचीच माणसं होती, अडलं नाही, आणि बायकोकडून शिकायचं म्हणजे मला कमीपणा. दोघी स्वयंपाकघरात हसायच्या आणि मी बाहेर टीव्हीसमोर. बायको आपल्याला न कळणाऱ्या भाषेत हसली की माणसाला काय वाटतं? मला एकच वाटायचं — मला हसतायत.

पुढं कम्फर्टचा नवरा वारला आणि ती कायमची आपल्या गावी, कुमासीला, निघाली. नलूनं खण-नारळ काढून ठेवला होता. घरातून बाई निघाली की आपण ओटी भरतो, तशी भरायला. मी म्हणालो, "विधवेची ओटी भरतात का कुठं?" नलूनं खण परत कपाटात ठेवला. कम्फर्टला बिचारीला त्यातलं काही कळलं नाही. ती राहिलेली ओटी नलू मात्र विसरली नाही. कुमासीच्या बॅगेत तोच खण होता.

"अजून विधवाच आहे ना ती?" मी विचारलं.

"माझं बाळंतपण केलं तेव्हा मी तिला काही विचारलं होतं का?" नलू म्हणाली, आणि बॅगेची चेन ओढली.

कुमासीत पाय ठेवल्यापासून मी संशयानंच बघत होतो. पासपोर्ट बनियनच्या आतल्या खिशात. पाण्याच्या बाटलीचं झाकण दहादा तपासायचो. विणकरांच्या गावात हातमागावरच्या कापडाचा पट्टा उलटा करून बघितला, मशीनचा तर नाही ना. विणणारा हसला. तोही मला हसला, असं धरून चाललो. आणि बाजार — बाप रे, केवढा तो. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, सुक्या मासळीचा वास, कापडाचे ठेले. नलू पुढं, मी पिशवी घेऊन मागं. सगळ्या बायका तिच्याशी बोलत होत्या, "मामा, मामा" करत होत्या, म्हणजे आई. तीही भाव करत होती, हसत होती. आयुष्यभर हिला मी हाताला धरून रस्ता ओलांडून दिला, आणि इथं मी हिच्या मागं?

त्यात फोन यायचे. कम्फर्टला आता चालवत नव्हतं, म्हणून तिचा भाऊ फोन करायचा. नलू त्याच्याशीही हसायची. एवढं काय बोलायचं असतं परक्या माणसाशी? मी विचारलं की म्हणायची, "अहो, कधी न्यायला येऊ विचारतोय." मला ते पटत नव्हतं. पैसे मागत असेल. किंवा — लिहायला लाज वाटते — आणखी काही असेल. सत्तरीच्या जवळ आलेल्या बायकोवर मी हा संशय घेत होतो.

सहलीचा शेवटचा दिवस. भाऊ दुपारी न्यायला येणार होता. नलू नवी साडी नेसून तयार. पण ओटीला शेंडीचा नारळ पाहिजे, आणि बाजारात मिळाले ते सगळे सोललेले. ती सहलीतल्या एका बाईला घेऊन पुन्हा शोधायला गेली. मी गुडघ्याचं निमित्त करून हॉटेलात थांबलो. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. त्या माणसाला मला एकट्याला गाठायचं होतं.

तो लवकरच आला. माझ्याच वयाचा, पांढराशुभ्र सदरा, चपला बाहेर पुसून आत आला. मला वाकून नमस्कार केला. हळूहळू बोलला, मला समजावं म्हणून. बहीण सकाळपासून वाट बघतेय, जेवण केलंय, एवढं मला कळलं. कुठं दिसला मला त्याच्यात लबाड माणूस? कुठंच नाही. तरीही मी म्हणालो, "माय वाइफ नो कम."

तो म्हणाला, "आजारी आहे का?"

इथं सुटका होती बघा. हो म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "नो. शी नो वॉन्ट."

"असं ती म्हणाली?"

"येस. शी से."

तो पुन्हा वाकला आणि गेला. मला काय वाटलं सांगू? जिंकल्यासारखं वाटलं. माझ्या इंग्लिशमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी मला पूर्ण समजलं होतं.

नलू शेंडीचा नारळ घेऊन आली. रिसेप्शनच्या सोफ्यावर अंधार पडेपर्यंत बसली. "कुणी आलं होतं का?" "नाही." फोन केला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला. मी समोर बसून बघत होतो, आणि एकदा तर म्हणालो, "बघ, तुझं माहेर." तिनं वर जाऊन साडी बदलली.

मँचेस्टरला परतल्यावर तिनं कम्फर्टला फोन केला नाही. मानी आहे तीही. कम्फर्टनंही केला नाही — का करेल? वर्षभरात ती गेल्याचं लॉन्ड्रीतल्या जुन्या बाईकडून कळलं. नलू म्हणाली, "माझं काय चुकलं तेवढं तरी सांगून जायचं." अजूनही मधेच म्हणते. ट्राममध्ये म्हणते, भाजी चिरताना म्हणते. मी ऐकतो. हे मंडळाच्या अंकात छापून आलं की ती वाचेल. वाचू दे.

पण अजून एक राहिलं, आणि खरं ते हेच आहे. संशयाच्या भरात झालं, असं आतापर्यंत तुम्हाला वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाची बस हॉटेलसमोर उभी होती. मी आधी चढलो. नलू खाली बॅगा ठेवून घेत होती. फाटकातून एक टॅक्सी आत आली. मागं कम्फर्ट बसली होती. केस पांढरे झालेले, अंग सुजलेलं, पण मी ओळखली. भाऊ उतरून तिचं दार उघडत होता, आणि ती एक पाय बाहेर टाकायला बघत होती, तो टाकता येत नव्हता. नलू टॅक्सीकडं पाठ करून बसच्या पायऱ्या चढत होती. माझा संशय त्या क्षणी पार फिटला होता. मी नलूचा हात धरला, तिला पलीकडच्या खिडकीशी बसवलं, या बाजूचा पडदा ओढला, आणि ड्रायव्हरला म्हणालो, "ऑल हिअर. गो."