देवीला लॅमिनेशन

आमची थोरली जाऊ अंजनाआक्का लय दमलीया. कामानं न्हवं, माणसांनी दमवलंय तिला.

कोरेगावजवळच्या आमच्या घरात देवीची हातानं लिहिलेली जुनी पोथी हाय. त्यात चित्रं हायत. एका पानावर देवी महिषासुराला मारती. नवरात्रात ते पान पाटावर मांडलं की अख्खं गाव येतं, आणि जो तो तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन देवीच्या पायाला लावतो. लावून लावून पाय गेले, रेडा गेला, कुंकू कमरेपातुर चढलं. आक्का शेजारी बसून दिवसभर कोकलायची, "आवं, लांबनं पाया पडा की! रंग जातोय!" ऐकतंय कोण? उलट तिलाच म्हणायची मेली, "देवीला कुंकू नगं म्हणती, डोकं फिरलंय हिचं."

चेहरा तेवढा शाबूत हुता. नवी नवरी हुती तवापासनं आक्का येताजाता पोथी उघडून तो बघायची. रेड्याला मारतानाबी देवीच्या डोळ्यात राग न्हवता, नुसता थकवा. "हिलाबी कटाळा आलाय गं," आक्का मला म्हणायची.

औंदा घट बसायच्या आधी तिनं ते पान तौसीफच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनला नेलं. मी संगं हुते. तौसीफ म्हणाला, "मावशी, कागद लय जुना हाय, मशीन तापतं. मला धीर व्हत न्हाई."

"रेशनकार्डाला केलंस, ते टिकलं न्हवं? कर गप."

पान बाहेर आलं. इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल कुंकवासकट पातळ हून प्लास्टिकच्या आत पार चेहऱ्यापातुर पसरलं हुतं. चेहऱ्याच्या जागी नुसता लाल डाग. आक्का तिथंच स्टुलावर बसली. तिला घरी कशी आणली माझं मला ठावं.

नवरात्रात तिनं पान तसंच मांडलं आणि येईल त्याला खरं सांगितलं, "माझ्या हातनं देवीचं तोंड गेलं." मला वाटलं, आता गाव हिला फाडून खातंय. पण माणसं आली, प्लास्टिकला कुंकू लावलं, प्रसाद घेतला, गेली.

शेवटी आक्कानं शेजारच्या बयाबाईचा हात धरला. बयाबाई दरवर्षी सगळ्यात आधी येणारी. "आगं, बघ तरी. चेहरा गेलाय तिचा."

बयाबाईनं वाकून बघितलं. "व्हय गं? मी आपली पायच बघत आले. कसा हुता चेहरा?"

आक्का सांगायला गेली आणि तिला हुंदकाच फुटला.