मी दुरुस्त केलेलं पुस्तक

साताऱ्यात बी.एस्सी.ला पहिला काय आलो, माझ्या डोक्यात हवाच गेली. नव्वदच्या दशकात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.साठी सांगलीला आलो तो जणू सांगलीकरांवर उपकार करायला. पुस्तकात होतं : धातूभोवती लिगंड, म्हणजे त्याला बिलगणारे रेणू किंवा आयन, जमले की त्याच्या ऑर्बिटलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घरांच्या, दोन पातळ्या होतात, क्लोराइड त्यांच्यात थोडंच अंतर पाडतं, कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त. मी हसलो. क्लोराइडवर ऋण भार, मोनॉक्साइडवर काहीच नाही. मग धातूच्या इलेक्ट्रॉनना जास्त ढकलून अंतर वाढवणार कोण? क्लोराइडच! छापण्याची चूक! वहीत क्रम उलटा करून लिहिला आणि ती वही खोलीतल्या मित्राला दिली.

मित्र विट्याचा, परीक्षेत एकदा गटांगळी खाल्लेला. "औंदा नापास झालो तर आबा तमिळनाडूत धाडत्यात, काकाच्या सोनं गाळायच्या दुकानात," म्हणायचा. त्याला मात्र मास्तर व्हायचं होतं.

"पुस्तकात येगळंच हाय की रं?"

"पुस्तकं काय, माणसंच लिहितात," मी म्हणालो. काय तो थाट माझा!

तोंडी परीक्षेला तो माझ्याआधी आत गेला. परीक्षकांचा आवाज दाराबाहेर ऐकू आला. "हे कुठल्या शहाण्यानं शिकवलं?"

"कुणी न्हाई सर. माजंच डोकं."

बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आता शिव्या खायच्या, म्हणून मी मान खाली घातली. त्यानं मला कोपऱ्यात ओढलं. "आयक. सरांनी आत समजावलं, तुजं उलटं झालंय गड्या. नुसता भार बघायचा न्हाई, बंध कसा हाय ते बघायचं. क्लोराइड धातूला जादा इलेक्ट्रॉन देतं, मग खालची पातळी वर सरकती, अंतर घटतं. मोनॉक्साइड धातूचंच इलेक्ट्रॉन आपल्याकडं वडतं, खालची आणखी खाली जाती, अंतर वाढतं. ऱ्हायलं ध्यानात? जा आता."

मला तोच प्रश्न आला. मी घडाघडा बोललो. "याला म्हणतात समज!" परीक्षक म्हणाले. ही समज दोन मिनिटांपूर्वीची आहे, हे सांगायला जीभ उचलली नाही. "थँक्यू सर" म्हणायला मात्र बरोबर उचलली.

तो तोंडीतच नापास झाला. महिन्याभरात तमिळनाडूची गाडी धरली.

मी साताऱ्यात प्राध्यापक झालो. हा धडा दरवर्षी शिकवतो, त्याच्याच शब्दांत. "सर, तुमच्याइतकं सोपं कुणी सांगत नाही," पोरं म्हणतात. शब्द कुणाचे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.