व्हायवाच्या दिवशीचा फ्रीझर

आमच्या घरात जेवायचं टेबल एक आणि पीएचडी तीन. खिडकीकडच्या बाजूला धाकटे दीर बसायचे, त्यांचा विषय विश्वाचा जन्म. त्यांच्या समोर माझी मोठी जाऊ, तिचा विषय व्यवसायाचं अर्थशास्त्र, त्यातही मासळीबाजारात भाव कसा ठरतो ते. आणि किचनच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागेल अशा जागी मी. माझा विषय वीज. महापे-तळोज्याच्या कारखान्यांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर भार किती येतो आणि कधी येतो, हे मी सात वर्षं मोजत होते. कुणाला कुणाचा विषय कळत नव्हता, पण मत प्रत्येकाला होतं.

सगळ्यात ठाम मत आईंचं, म्हणजे सासूबाईंचं. "विश्व कसा झाला ते कललं तर बोंबील स्वस्त होनार हाय का?" असं त्या भावजींना जेवताना विचारायच्या. त्यांचं स्वतःचं शास्त्र साधं होतं. पहाटे जेटीवर जाऊन मासळी घ्यायची, बाजारात बसायचं, दुपारच्या आत टोपली रिकामी करायची. ठेवलेली मासळी आणि ठेवलेला राग दोन्ही वास मारतात, असं त्या म्हणायच्या. याच शास्त्रावर ताईंनी, म्हणजे माझ्या जावेनं, अडीचशे पानं लिहिली होती. आईंनी तो गठ्ठा हातावर तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "येवरं मी बोलले?"

आमचं घर सीवूड्स स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर, खाडीकाठच्या जुन्या गावात. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इथं आले. आमच्याकडे माणूस एकदा बोलला की बोलला, मग चुकीचं का असेना. ही गोष्ट त्यामुळंच घडली असं ताई आजही म्हणतात. आम्हा दोघींचे नवरे तळोज्याच्या कंपनीत पाळ्यांवर. त्यांना आम्ही तिघंही वेडे वाटत होतो, तेव्हा त्यांना यातून वगळते.

तर त्या मे महिन्यात भावजींची व्हायवा ठरली. प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा. आठ वर्षं झाली होती, मुदत दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नाही असं लेखी आलं होतं. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या दिवशी परदेशी निघणार होते. म्हणजे मंगळवारी सकाळी अकरा वाजता, नाहीतर कधीच नाही. आणि ऐन वेळी हा गडी जेटीवर आईंची टोपली उचलायला गेला आणि घसरून पाय मोडून बसला. विश्वाचे पहिले क्षण डोळ्यांपुढं आणणाऱ्या माणसाला समोरचं शेवाळ दिसलं नाही. शेवटी परीक्षा घरूनच, ऑनलाइन द्यायची परवानगी मिळाली.

सोमवारी संध्याकाळी माझ्या फोनवर मेसेज आला, उद्या दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते चार वीज बंद. भावजींचा चेहरा प्लास्टरपेक्षा पांढरा झाला. त्यांच्या लॅपटॉपच्या बॅटरीनं दोन वर्षांपूर्वीच राम म्हटला होता, आणि आमच्या घरात फोनला रेंज फक्त गच्चीवर येते. मोडक्या पायानं गच्चीचा लोखंडी जिना चढणं शक्य नव्हतं.

"भावजी, टेन्शन घेऊ नका," मी छातीवर हात ठेवून म्हणाले. "लाइट माझ्याकडं लागली. सात वर्षं काय मी झोपा काढल्या?"

"वहिनी, नक्की ना? माझं सगळं याच्यावर आहे."

"नक्की म्हणजे नक्की."

घरात इन्व्हर्टर होता. मी कागद घेऊन बसले. लॅपटॉप, राउटर, टेबलफॅन आणि भिंतीवरची एक ट्यूब. भाराचा तक्ता केला, बॅटरी किती तास पुरेल ते काढलं, वायरिंगची आकृती काढून फ्रीजवर चिकटवली. इन्व्हर्टरच्या पॉइंटवरून जेवणाच्या टेबलापर्यंत एक्स्टेन्शन बोर्ड आणला. सगळं चोख होतं. अडचण एकच होती, टेबलाशेजारचा डीप फ्रीझर.

तो फ्रीझर म्हणजे ताईंचं चौथं प्रकरण. पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागायला आठवडा उरला होता. बंदीच्या तोंडावर माल विकू नये, धरून ठेवावा, भाव चढला की काढावा, असं ताईंनी प्रबंधात लिहिलं होतं आणि पुढं वर्षभर आईंच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आईंनी ऐकलं. पापलेट आणि सुरमईनं फ्रीझर गच्च भरला. ताई रोज झाकण उघडून आत बघायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या.

"उद्या फ्रीझर बंद राहील," मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. "इन्व्हर्टरला तो झेपायचा नाही. पण भरलेला फ्रीझर झाकण न उघडता सहा तास थंड राहतो. मासळीला काही होत नाही. मी जबाबदार."

"माझं चौथं प्रकरण वितळलं तर?" ताई म्हणाल्या.

"ताई, वितळणार नाही."

भावजी फ्रीझरकडं आणि मग आईंकडं बघत राहिले. आई म्हणाल्या, "बरं." आता, आईंचं 'बरं' म्हणजे होकार नव्हे. बाजारात गिऱ्हाईक वाट्टेल तो भाव मागतं तेव्हाही त्या 'बरं' म्हणतात आणि मासा परत टोपलीत टाकतात. हे मला ठाऊक असायला हवं होतं. ताईंच्या दुसऱ्या प्रकरणात ते लिहिलेलंसुद्धा आहे. पण मी कशाला ते वाचतेय!

मंगळवारी दहाला वीज गेली. मी फ्रीझरचा प्लग भिंतीतून उपटून ठेवला आणि झाकणावर 'उघडू नये' असा कागद लावला. आई पहाटेच बाजारात गेल्या होत्या. भावजी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफ पॅन्ट, प्लास्टरचा पाय स्टुलावर, असे बसले. देवाला हात जोडताना त्यांचे डोळे ओले झालेले मी पाहिले, पण मी उगाच राउटरकडं बघत राहिले.

अकराला परीक्षक पडद्यावर आले. करड्या मिशांचे, गंभीर गृहस्थ. शेजारच्या चौकोनात भावजींचे गाइड. मी आणि ताई किचनच्या दारामागं कान लावून उभ्या. अर्धा तास छान चाललं. भावजी विश्व एका क्षणात किती पट ताणलं गेलं ते सांगत होते, परीक्षक मान हलवत होते. मी ताईंना कोपरानं ढोसून म्हणाले, "बघा, ट्यूब लुकलुकतेय का जरा तरी?"

परीक्षकांनी चष्मा काढला. "आता मुख्य प्रश्न. तुमच्या मते या प्रसरणानंतर विश्व थंड आहे आणि रिकामं आहे. त्यात काहीही नाही. मग त्यानंतर जी प्रचंड उष्णता..."

गुर्रर्र असा आवाज झाला, इन्व्हर्टर दोनदा केकाटला आणि सगळं गेलं. ट्यूब, पंखा, राउटर, परीक्षक, सगळं.

"वहिनीऽऽ!" भावजी ओरडले. असा आवाज त्यांनी पाय मोडला तेव्हाही काढला नव्हता.

मी धावले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. टेबलाखाली वाकून पाहिलं तर एक्स्टेन्शन बोर्डात तीनऐवजी चार प्लग. चौथी वायर सरळ फ्रीझरमध्ये जात होती. फ्रीझर आतून गरम व्हायला लागला, त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला, आणि सुरू होताना तो एरवीच्या कितीतरी पट करंट ओढतो. हे मी कॉलेजात दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. माझं डोकं फिरलं. मी प्लग उपटला आणि ताईंवर गेले.

"ताई! चौथ्या प्रकरणापायी बिचाऱ्याची आठ वर्षं पाण्यात घातलीत?"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही! तुझंच गणित चुकलं असेल, माझ्यावर कशाला ढकलतेस!"

"माझं गणित चुकत नसतं!"

"मग अंधार काय माझ्या प्रबंधानं केला?"

"मी लावला," भावजी म्हणाले.

आम्ही दोघी गर्रकन त्यांच्याकडं वळलो.

"मी लावला, वहिनी. तुम्ही आत गेलात तेव्हा, कुबडीनं वायर ओढून. बोर्डात एक जागा मोकळी होती." ते खाली मान घालून बोलत होते. "आठ वर्षं आईच्या टोपलीवर शिकलो. माझ्या परीक्षेपायी तिची मासळी खराब झाली असती, तर पास होऊन तरी काय तोंड दाखवलं असतं?"

आता याला काय बोलणार! मी इन्व्हर्टरचं बटण दाबून तो पुन्हा चालू केला. राउटरचे दिवे एकेक लागायला लागले. याला दोन मिनिटं लागतात आणि त्या दिवशी ती जन्मभराएवढी होती. तेवढ्यात आई बाजारातून आल्या. डोक्यावर टोपली, दारातच विचारलं, "झाला का पास?"

"आई, फ्रीझर..." ताईंना रडूच फुटलं. "मासळी बघा आधी, खराब नाही ना झाली!" आणि त्यांनी माझा 'उघडू नये'चा कागद फाडून झाकण उघडलं.

फ्रीझर रिकामा होता. नाही म्हणायला तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पापलेट होतं.

"माल कुठाय?" ताई किंचाळल्या.

"पहाटेच दिला घालून. मिलेल त्या भावाला," आई टोपली उतरवत म्हणाल्या. "पोराची परीक्षा हाय. घरात येवरीशी लाइट. ती त्याला द्याची का मासळीला?"

"पण मी सांगितलं होतं ना, बंद ठेवला तरी चालेल!" मी म्हणाले. "भरलेला असता तर थंडच राहिला असता! रिकामा केलात म्हणून तर लवकर तापला आणि सुरू झाला!"

"तुजा तुला म्हाइत," आई म्हणाल्या. "मना कोनचा धोका नको."

एका घरात तीन संशोधक, आणि एकाचा दुसऱ्यावर काडीचा विश्वास नाही. भावजी त्या रिकाम्या फ्रीझरकडं बघत बसले होते. तेवढ्यात पडदा उजळला आणि करड्या मिशा पुन्हा दिसल्या.

"काय झालं होतं?" परीक्षकांनी विचारलं.

खोटं बोलणं भावजींना जमत नाही. "सर, आईचा फ्रीझर लावला होता. त्यानं लाइट गेली."

"काय होतं त्यात?"

"काय नाय!" आई मागून मोठ्यानं म्हणाल्या. बाजारात बसणाऱ्या बाईचा आवाज, अख्ख्या संस्थेनं ऐकला असेल. "थंड हाय आनि रिकामा हाय!"

परीक्षकांनी डोळे मिटले. त्यांच्या मिशा हलत होत्या. गाइड कॅमेऱ्याबाहेर गेले. मग परीक्षक म्हणाले, "बरं. तिथूनच पुढं सांगा. थंड आहे आणि रिकामं आहे. मग ऊब कुठून आली?"

भावजींनी चष्मा काढून डोळे पुसले, मग सुरू झाले ते वीस मिनिटं थांबले नाहीत. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी आणि ताई एकमेकींचा हात धरून उभ्या होतो.

शेवटी परीक्षकांनी निकाल सांगितला, उत्तीर्ण, किरकोळ दुरुस्त्यांसह.

"मंजे पास का नापास?" आईंनी मला विचारलं.

"पासच हो आई, पण थोडं दुरुस्त करायचंय."

आईंनी फ्रीझरमधलं पापलेट काढलं. ते का ठेवलं होतं ते तेव्हा कळलं. पास झाला तर तळायचं, नापास झाला तर कालवण करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी जरा विचार केला आणि अर्धं तळलं, अर्ध्याचं कालवण केलं. ताई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, मग तिसऱ्या दिवशी त्यांनी चौथं प्रकरण खोडून नव्यानं लिहायला घेतलं.

पुढच्या वर्षी माझी व्हायवा झाली. माझी परीक्षा कॉलेजात होती, प्रत्यक्ष. तिथं जनरेटर आहे आणि आमच्या घरच्या विजेशी त्याचा काही म्हणता काही संबंध नाही. मी पास होऊन संध्याकाळी घरी आले तर ओटीवर शेजारणी मासळीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या आणि आई शेवटची सुरमई कुणाच्या तरी हातात कोंबत होत्या. मी आत जाऊन फ्रीझर उघडला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पापलेट.

"आई, हा का रिकामा केलात? माझी परीक्षा कॉलेजात होती!"

"म्हाइत हाय मना," आई म्हणाल्या. "पन परीक्षेला फ्रीझर रिकामा करावा लागतो ना आपल्यात."

आपल्यात, म्हणाल्या. मी विजेतली डॉक्टर. त्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पापलेट बाहेर काढलं आणि विचारलं, "सगळं तळू ना?"